आचारी, प्रथम श्रेणी

"रूझेनाबाई, याची साल संपते कुठं?"

मी वळून बघितलं. दाराएवढ्या खांद्यांचा तो माणूस स्टुलावर अंग चोरून बसला होता आणि त्याच्या तळहातावर बोराएवढा कांदा होता. मी दिला तेव्हा तो मुठीएवढा होता. पायाशी पांढऱ्या पाकळ्यांचा ढीग पडलेला. एक पापुद्रा काढला की खाली तसाच दुसरा, मग हा तोही काढायचा. पंचवीस किलो कांदा त्याच्यापुढं टाकून मी कोठीघरात गेले होते. तेवढ्या वेळात गड्यानं सात कांदे सोलून सोलून नाहीसे केले होते.

"अरे देवा," मी म्हटलं. "तू आचारी आहेस ना?"

त्यानं उरलेला कांदा अलगद टेबलावर ठेवला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"कागदावर आहे," तो म्हणाला.

आता माझी अवस्था काय झाली ते मी सांगते. चार महिने मी मेजर झावोरांच्या मागं लागले होते, मला माणूस द्या, माणूस द्या. माझ्या जोडीची बाई माकडहाड मोडून घरी बसली होती आणि छावणीत दोनशे चाळीस जेवणारी तोंडं. मी लष्करातली नाही, पगारी बाई. रोज सकाळी गावातून बसनं यायचं, संध्याकाळी परत जायचं. शेवटी सरावासाठी बोलावलेल्या राखीव सैनिकांची यादी आली आणि तीत नाव होतं, आलोइस कुबेश, वय छत्तीस, लष्करी आचारी, प्रथम श्रेणी. प्रथम श्रेणी! आनंदाच्या भरात मी रविवारी खसखशीचा केक केला आणि सोमवारी त्याच्यासाठी डब्यात घालून आणला. तो केक त्यानं सकाळी आल्या आल्या खाल्ला आणि मग हे कांद्याचं झालं.

बटाटे सोलणारे चार शिपाई दात काढत बघत होते. मी त्यांना कोळसा आणायला पिटाळलं, कुबेशला दंडाला धरून कोठीघरात नेलं आणि दार लावून घेतलं.

"बोल. खरं खरं बोल. आयुष्यात कधी चुलीजवळ उभा राहिलायस?"

"हात शेकायला."

"मग प्रथम श्रेणी कशाची?"

तो बटाट्याच्या पोत्यावर बसला. नाक दोन ठिकाणी मोडलेलं, पुढचे तीन दात खोटे, भुवईतून आडवा गेलेला जुना व्रण. असा चेहरा मारामाऱ्या करणाऱ्याचा असतो, आणि आवाज मात्र दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या माणसाचा.

"मी हॉकी खेळायचो. बर्फावरची. लष्कराच्या संघात, दहा वर्षं."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला.

"कुबेश? तो कुबेश? ऑलिंपिकमधला?"

"हो," तो ओशाळून म्हणाला, जणू मी त्याला चोरी करताना पकडलं होतं.

मला हॉकीतलं ओ की ठो कळत नाही. पण त्या ऑलिंपिकच्या हिवाळ्यात माझा नवरा येंडा अंथरुणाला खिळलेला होता आणि रेडिओ त्याच्या उशाशी असायचा. गोल करणाऱ्यांची नावं सगळ्या देशाला पाठ होती. येंडाला मात्र कुबेशचं कौतुक. "ऐक, ऐक, परत आडवा पडला बघ," असं म्हणून तो उशीवरून मान उचलायचा. समोरच्यानं चकती मारली की हा आपला स्वतःचं अंग मध्ये घालायचा. बर्फावर आडवा. दातांवर, बरगड्यांवर, कुठंही लागो. येंडा म्हणायचा, गोल करणारे खूप असतात गं, न होऊ देणारा एखादाच. त्या मार्चमध्ये येंडा गेला. आणि आता तो माणूस माझ्या बटाट्यांवर बसून नाक पुसत होता.

"मग आचारी कसा झालास?"

त्यानं सांगितलं ते असं. एकोणिसाव्या वर्षी सगळ्यांसारखी त्यालाही लष्कराची सक्तीची नोकरी लागली. चांगला खेळणारा पोरगा दिसला की लष्कर त्याला आपल्या संघात घ्यायचं. अंगावर गणवेश, पण सकाळ-संध्याकाळ बर्फावर. अडचण एवढीच, की सैनिक म्हटला की त्याला काहीतरी लष्करी काम यायला हवं, तशी नोंद हवी. तेव्हा संघाचे प्रमुख कप्तान पेशेक एका दुपारी टाइपरायटर घेऊन बसले आणि वीसच्या वीस जणांना कामं वाटली. कुणी रणगाडा चालवणारा, कुणी बिनतारी संदेशवाला. गोलरक्षकाला घोड्यांना नाल मारणारा केला, तर तो घोड्याला घाबरायचा. कुबेशची पाळी आली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुझी आई काय करते रे?" "शाळेत स्वयंपाक करते, कॉम्रेड कप्तान." "मग झालं तर," म्हणून त्यांनी टाइप केलं, आचारी. आणि कागद चांगला दिसावा म्हणून पुढं प्रथम श्रेणी.

"आणि आईनं तुला काहीच शिकवलं नाही?"

"चौदाव्या वर्षी खेळाच्या वसतिगृहात गेलो. तिथं ताट वाढून मिळायचं. मग छावणीत मिळायचं. मग लग्न झालं."

"वा! म्हणजे जन्मभर आयतोबा."

"हो," तो म्हणाला. वाद घालायचा त्याचा स्वभावच नव्हता.

खेळणं सुटल्यावर तो आपल्या गावच्या हॉकीच्या मैदानावर बर्फ करायच्या कामाला लागला होता. सात वर्षं. राखीव सैनिकांना सरावाची बोलावणी निघत, पण कप्तान पेशेक दर वेळी आपल्या पोरांची नावं हळूच बाजूला काढत. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले आणि नाव बाजूला काढणारं कुणी उरलं नाही.

"अरे, मग सरळ जाऊन सांग ना मेजरांना. हसतील आणि तुला लाकडं फोडायला लावतील. लाकडं तरी फोडता येतात ना?"

"येतात. पण मग ते विचारतील, कागद कुणी केला." तो हातातल्या टोपीकडे बघत होता. "कप्तान आजारी आहेत, रूझेनाबाई. फुप्फुसं गेलीत. हल्ली खिडकीपर्यंतसुद्धा चालवत नाही. आता या वयात त्यांच्या दारात चौकशी नेऊन उभी करू?"

त्या वर्षांत चौकशी म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. ती एका कागदावरून सुरू व्हायची आणि कुठल्या कुठं जायची. तरी मला वाटलं, मेजर झावोरा रागीट असले तरी माणूस वाईट नाही. दुपारी त्यांची कॉफी घेऊन गेले तेव्हा सहज विचारल्यासारखं केलं.

"मेजरसाहेब, यादीत कधी चुका होतात का हो? म्हणजे भलत्याच माणसापुढं भलतंच काम?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कागद आपोआप चुकत नसतो, रूझेनाबाई. कुणीतरी चुकवलेला असतो. आणि कुणी, ते मी हुडकून काढतो. का? नवा आचारी बरा नाही का?"

"छे हो! हातात जादू आहे त्याच्या," मी म्हटलं. जीभ झडली कशी नाही माझी!

"उत्तम. गुरुवारी प्रागहून कर्नल बेनेदा तपासणीला येतायत. भटारखान्यापासून सुरुवात करणार, पोटाचे फार चोखंदळ आहेत म्हणे. गुलाश आणि क्नेडलिक करा. आचाऱ्याला मी स्वतः पुढं उभा करणार."

परत येऊन मी खुर्चीत बसले. गुलाश म्हणजे मांसाचा दाट रस्सा आणि क्नेडलिक म्हणजे त्याबरोबर खायचे कणकेचे उकडलेले लोळे, दोन्ही हात बसलेल्या माणसाचं काम. सोमवार होता. गुरुवारपर्यंत तीन दिवस, आणि त्या गड्याला कांद्याची साल कळत नव्हती.

"ऊठ," मी म्हटलं. "आजपासून तू माझा विद्यार्थी. एक कानाखाली बसली तर रडायचं नाही."

"सवय आहे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

ढ होता का? नव्हता. त्याची बोटं मात्र वाईट होती. दोन्ही हातांची मिळून सहा मोडून वाकडी जुळलेली, त्यामुळं सुरी त्याच्या मुठीत मावायची, बोटांत नाही. कांदा कापायचा म्हणजे त्याचं युद्धच चालायचं. पण सांगितलेलं तो विसरत नसे. मी एकदा म्हटलं, "लाल मिरचीची पूड कडकडीत चरबीत पडली की कडू होते, आधी निखारे ओढून घ्यायचे," तर तो ते दिवसभर पुटपुटत राहिला. दोनशे चाळीस माणसांना चाळीस किलो गोमांस, पंचवीस किलो कांदा. कांदा लाल व्हायच्या आधी शहाजिरं नाही. सगळं तोंडपाठ.

आणि एका गोष्टीनं मी चाट पडले. क्नेडलिकची कणीक भिजवायची तर दूध कोमट लागतं, ना गार ना गरम, नाहीतर यीस्ट मरतं किंवा झोपून राहतं. मी वीस वर्षं मनगटावर थेंब टाकून बघत आलेय. त्यानं पातेल्यावर नुसता हात धरला आणि म्हणाला, "अजून थोडं तापू दे." मी मनगटावर थेंब टाकला. बरोबर होतं त्याचं.

"हे कुठं शिकलास?"

"बर्फ करताना. पाणी हातालाच कळावं लागतं."

"बर्फाला कोमट पाणी?"

"कोमट कसलं, गरम! गार पाण्यात हवा अडकते. वरून बर्फ छान गुळगुळीत दिसतो, आत पोकळ. कुणी वर पाय दिला की खचलाच."

"काहीतरीच," मी म्हटलं. गरम पाण्याचा बर्फ! मला वाटलं, माझी फिरकी घेतोय.

बुधवारी संध्याकाळपर्यंत तो गुलाश ढवळायला शिकला. कणीक मळायला तर माझ्याहून बरा, त्या खांद्यांपुढं तीस किलो पीठ म्हणजे काय. लोळे वळायला शिकला, हातभर लांब, मनगटाएवढे जाड. दोऱ्यानं कापायलाही शिकला. दोरा खालून घालायचा, वर टोकं अदलाबदल करून ओढायची, काप पडतो. तेवढं त्याला आईच्या घरातलं आठवत होतं. पण उकळत्या पाण्यात किती वेळ ठेवायचे, कधी काढायचे, काढल्यावर काय करायचं, ते राहूनच गेलं. म्हटलं, उद्या मी असणारच आहे. स्वयंपाक मी करीन, हा पांढरी टोपी घालून डाव हातात धरून उभा राहील. एवढंच तर करायचंय.

"आणि एक लक्षात ठेव," जाताना मी बजावलं. "मीठ शेवटी. आणि मीठ घालणार मी. एवढ्या माणसांच्या मिठाला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

"नाही लावणार, रूझेनाबाई."

गुरुवारी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यापासून गुडघ्याइतका बर्फ. तरी बस आली, बिचारी धापा टाकत जंगलाच्या चढापर्यंत गेली आणि तिथं आडव्या पडलेल्या झाडापुढं जी थांबली ती थांबलीच. ड्रायव्हर म्हणाला, दुपारपर्यंत काही खरं नाही. छावणी अजून पाच किलोमीटर. मी डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि उतरले.

"अहो बाई, कुठं निघालात? मराल की!" तो ओरडला.

"मेले तर गुलाश तुम्ही करणार का?"

पाच किलोमीटरला मला तीन तास लागले. वाटेत दोनदा पडले. पाय थंडीनं बधिर, पण डोकं भट्टीसारखं पेटलेलं. एकेक चित्र डोळ्यांपुढं येत होतं. पूड करपलीय, धूर कोंडलाय. कर्नल घास तोंडातून बाहेर काढतायत. मेजर विचारतायत, कोण रे तू? हा माणूस खोटं बोलू शकत नव्हता, तीन दिवसांत एवढं मला कळलं होतं. विचारलं की सांगून मोकळा होणार. मग कप्तान पेशेक, खिडकीपर्यंत चालवत नसलेला माणूस, आणि दारात गाडी. आणि सगळ्यात जास्त मला क्नेडलिकची धास्ती वाटत होती, कारण ती एक गोष्ट मी सांगितलीच नव्हती. लोळा उकळत्या पाण्यातून काढला, की त्याच क्षणी टोचायचा असतो. आरपार, चारसहा ठिकाणी. आतली वाफ निघून गेली नाही तर बाहेर आल्याबरोबर बसतो आणि त्याचा चामड्याचा तुकडा होतो. आईनं मला हे पहिल्यांदा शिकवलं होतं आणि मी त्या बापड्याला शेवटी सांगायला ठेवलं. रडू येत होतं मला, पण रडले तर पापण्या गोठतील म्हणून शिव्या देत चालले, स्वतःलाच.

साडेदहा वाजता मी भटारखान्याचं दार ढकललं. तपासणी साडेअकराला.

आधी वास आला. कांदा, मांस, शहाजिरं, आणि कडवटपणाचा मागमूस नाही. मी तशीच बर्फाच्या बुटांनी कढईकडे धावले. गुलाश मंद बुडबुडत होता, रंग कसा, जुन्या विटेसारखा. मग टेबलाकडे वळले. पांढऱ्या कापडांवर ओळीनं क्नेडलिक मांडलेले होते, नव्वद. काही वाकडे, काही एका टोकाला जाड, दोन तर चक्क कोपरासारखे मुडपलेले. पण सगळे टम्म. एकही बसला नव्हता. मी जवळ जाऊन बघितलं. प्रत्येकाला वरून भोकं होती, बारीक, नीट ओळीत.

कुबेश दुसऱ्या कढईपाशी उभा होता. घामाघूम, टोपी तिरकी, बाह्या वर. त्याच्या हातात बुटांच्या नाड्यांची भोकं मोठी करायला वापरतात ती आरी होती.

"ही कुठनं आणलीस?"

"माझीच आहे. खेळायचो तेव्हापासून खिशातच असते. उकळत्या पाण्यात धुतली आधी." त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि घाबरला. "चुकलं का? पहिला काढला तर तो डोळ्यांदेखत खाली बसायला लागला. म्हटलं, आत हवा अडकलीय. हवा काढली नाही तर खचणार. म्हणून टोचलं. तुम्ही सांगितलं नव्हतं... चुकलं का, रूझेनाबाई?"

मी पिठाच्या डब्यावर बसकण मारली. माझा जीव भांड्यात पडला आणि डोळे वाहू लागले. मी नुसती मान हलवत होते, आणि त्या चार शिपायांपैकी एक म्हणाला, "बाई रडतायत. एवढे वाईट झालेत?"

"गप रे मेल्या!" मी म्हटलं. "चांगले झालेत. चांगले झालेत रे."

मग मी उठले, डाव घेतला आणि गुलाश चाखला. मांस जिभेवर विरघळत होतं. पण अळणी. मिठाचा कण नाही.

"अरे, मीठ?"

"तुम्ही म्हणाला होतात, हात लावायचा नाही."

"आणि मी आले नसते तर?"

त्यानं तिरकी टोपी सरळ केली. मग म्हणाला, "बाकी सगळं करायचं धाडस झालं. मिठाचं नाही झालं."

मी मिठाचा डबा उचलला आणि झाकण काढलं. वीस वर्षं त्या कढईत माझ्याशिवाय कुणी मीठ घातलं नव्हतं. डबा मी त्याच्यापुढं धरला.

"तूच घाल."

"मी?"

"कढई तुझी आहे. पहिली ओंजळ धड भरून. मग ढवळायचं, चाखायचं. मग थोडं थोडं. आणि माझ्या तोंडाकडे बघायचं नाही, मी काही सांगणार नाहीये."

त्यानं त्या वाकड्या बोटांची ओंजळ भरली. टाकली, ढवळलं, चाखलं. डोळे मिटून उभा राहिला. पुन्हा अर्धी ओंजळ. पुन्हा चाखलं. चिमूट टाकली, थांबला, आणखी एक चिमूट टाकली आणि डाव खाली ठेवला.

"झालं," तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

मी चाखून बघितलं. झालं होतं.

साडेअकराला कर्नल बेनेदा आले. बुटके, पोट सुटलेले, बारीक डोळ्यांचे. मागं मेजर झावोरा, त्यांच्या मागं चारपाच अधिकारी. कर्नलांनी खुर्ची नाकारली आणि कढईजवळच उभ्यानं ताट मागितलं. कुबेशनं दोऱ्यानं पाच काप कापले, वर गुलाश वाढला आणि ताठ उभा राहिला. मी भिंतीला टेकून उभी होते.

कर्नल खायला लागले. एक काप. दुसरा. तिसऱ्या कापाला त्यांनी ताटातला रस्सा पुसून घेतला आणि मान वर केली. कुबेशच्या नाकाकडे बघितलं, भुवईकडे बघितलं, मग हातांकडे. पुन्हा चेहऱ्याकडे.

"नाव?"

"शिपाई कुबेश, कॉम्रेड कर्नल. राखीव."

"कुबेश," ते म्हणाले. "हं." मग मेजरांकडे हात केला. मेजरांनी त्याचा कागद पुढं केला. कर्नलांनी तो लांब धरून वाचला. "आचारी, प्रथम श्रेणी. कुणाच्या हाताखाली शिकलास?"

आता आलं, मी मनात म्हटलं. कुबेशनं हातातला दोरा ताणून धरला.

"कप्तान पेशेक, कॉम्रेड कर्नल."

कर्नलांनी कागदाची घडी घातली, एकदा, दोनदा. त्यांचे गाल हलायला लागले. आधी मला वाटलं, घास अडकला. तर ते हसत होते.

"मेजर," ते म्हणाले, "या पेशेकनं तयार केलेले आचारी मी इतक्या वर्षांत बरेच बघितलेत. एकेक नमुना! स्वयंपाक येणारा हा पहिलाच."

मेजर झावोरांना काही कळलं नाही, पण कर्नल हसले म्हणून तेही हसले. त्यांच्यामागचे अधिकारी हसले. मग आम्ही सगळेच हसलो, चार शिपाईसुद्धा. फक्त कुबेश हसला नाही. तो दोरा दोन्ही हातांत धरून तसाच ताठ उभा होता, आणि त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरत गेलेलं मला दिसलं, जसा छपरावरचा बर्फ घसरतो तसं.

"आणखी दोन वाढ," कर्नल म्हणाले. "त्या वाकड्यातले दे. आणि मेजर, याला प्रशस्तिपत्र द्या. लेखी, शिक्क्यासकट. माझं नाव घालून."

कागदाच्या बाबतीत मेजर झावोरांना दोनदा सांगावं लागत नसे. सराव संपायच्या दिवशी त्यांनी जाड कागदावर टाइप केलेलं, गोल शिक्का मारलेलं प्रशस्तिपत्र कुबेशच्या हातात दिलं. दोनशे चाळीस सैनिकांचे भोजन आचारी आलोइस कुबेश यांनी उत्कृष्टरीत्या तयार केल्याबद्दल. तो ते घेऊन माझ्याकडे आला आणि टेबलावर ठेवून शिक्क्यावरून हळूच बोट फिरवत राहिला.

"ऑलिंपिकचं पदक मिळालं तेव्हाही असाच बघत होतास का?" मी चिडवलं.

"ते पदक वीस जणांचं," तो म्हणाला. "आणि परत आल्यावर छावणीतल्या सत्काराला गणवेशात उभा होतो ना, तेव्हासुद्धा मनात येत होतं, खिशात खोटा कागद आहे. सतरा वर्षं, रूझेनाबाई. कुणी पोलीस पत्ता विचारायला जवळ आला तरी मी रस्ता ओलांडून पलीकडे जायचो. आता विचारा म्हणावं कुणालाही."

तो गेला. माझ्या जोडीची बाई परत आली, आणि मला वाटलं, संपलं.

मे महिन्यात एका दुपारी तो दारात उभा. न कळवता, तीन गाड्या बदलून. अंगात चांगला कोट, हातात पिशवी. बाहेर झाडं पांढरी फुलली होती आणि मी दारातच वाटाणे सोलत बसले होते.

"कप्तान गेले," तो म्हणाला. "शनिवारी पुरलं त्यांना."

मी त्याला बसायला स्टूल दिलं. तोच तो, कांद्याचा. थोडा वेळ त्यानं माझ्याबरोबर वाटाणे सोलले. शेंगा त्याला नीट सोलता येत होत्या.

"भेट झाली होती का?"

"सरावाहून सरळ त्यांच्याकडेच गेलो होतो. घरीसुद्धा नंतर. पडूनच होते. मला बघितल्यावर पहिलं काय विचारलं असेल? कुठं पाठवलं रे तुला? म्हटलं, भटारखान्यात. ते उठून बसायला लागले, एवढे घाबरले. मला लाडानं लोइझा म्हणायचे. म्हणाले, लोइझा, माझ्यामुळं रे, मीच लिहिलं ते. तेच तेच. मग मी हे दिलं त्यांच्या हातात."

त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून प्रशस्तिपत्र काढलं. घड्यांवर कागद मऊ पडला होता.

"चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. शिक्का बघितला. मग कितीतरी वेळ ते छताकडेच बघत होते. मला वाटलं, झोप लागली. तर म्हणाले, म्हणजे मी खोटं नव्हतं लिहिलं."

वाटाण्याचं पातेलं माझ्या मांडीवर तसंच राहिलं.

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, नाही, कॉम्रेड कप्तान. फक्त थोडं आधी लिहिलंत."

त्यानं कागदाची घडी घातली आणि परत आतल्या खिशात ठेवली. मग तो उठला, कोट काढून खुंटीला अडकवला आणि बाह्या वर केल्या. भट्टीवर दुपारचं पाणी ठेवलेलं होतं. त्यानं पातेल्यावर हात धरला.

"अजून थोडं तापू दे," तो म्हणाला, आणि मी त्याला एप्रन दिला.